झाकणाचा फोन

मराठीत आपण फोन 'ठेवतो'. हा शब्दप्रयोग रूढ झाला त्या काळी खरोखरच काहीतरी ठेवण्यासारखे असे. काळाभोर, वजनदार रिसीव्हर कानापासून दूर करून जागेवर ठेवला, की 'खट्' असा आवाज होई आणि दोन्हीकडच्या माणसांना कळे की बोलणे संपले. पुढे खिशातले फोन आले. ठेवण्याची जागा गेली. शब्द मात्र राहिला. "बरं, ठेवते हं," असे म्हणून आम्ही काहीही न ठेवता एक लाल कळ दाबू लागलो. माझ्या संसारात मात्र मध्यंतरी काही वर्षे अशी होऊन गेली, की त्या शब्दाला पुन्हा अर्थ आला. ती वर्षे मी एका सडपातळ, झाकणाच्या फोनच्या सहवासात काढली.

तो मी हौसेने घेतलेला नव्हता. २००६ सालच्या भाऊबीजेला धाकट्या भावाने तो माझ्या ताटात ओवाळणी म्हणून घातला. माझे यजमान भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीला होते आणि मी तेथील एका शाळेत शिकवीत असे. भाऊ पुण्यात. आई मात्र वडिलांच्या पश्चात कऱ्हाडच्या आमच्या जुन्या घरी एकटीच राहत होती. त्या वर्षी दिवाळीला आम्ही सारे तिच्याकडेच जमलो होतो. "ताई, तुझा तो जुना ठोकळा आता आईला देऊन टाक," भाऊ म्हणाला आणि त्याने माझ्या हातात ही रुपेरी डबी ठेवली. दोन्ही फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे होते. त्यांची नावे मी येथे मुद्दामच देत नाही. हे काही जाहिरातीचे पान नव्हे.

जुना फोन खरोखरच ठोकळा होता. जाड, गोलसर, रबरी कळांचा, डोक्यावर विजेरी असलेला. तो पडे आणि काही न होता उचलला जाई. पोळ्या लाटताना खांदा आणि कान यांच्यामध्ये तो असा घट्ट बसे, की दोन्ही हात मोकळे राहत. नव्या फोनला हे जमेना. तो इतका पातळ, की मान कितीही वाकडी केली तरी सटकून परातीत पडावयाचा. एकदा तर तो वर्तमानपत्राच्या घडीत शिरला आणि तेथून रद्दीच्या गठ्ठ्यात. रद्दीवाला तराजू लावत असताना तो वाजला म्हणून वाचला. सडपातळपणा हा दुकानातल्या काचेमागे शोभणारा गुण आहे. घरात, जेथे वस्तू उशीखाली, पिशवीत, डाळीच्या डब्यामागे राहतात, तेथे थोडी जाडी असणे बरे, असे माझे मत झाले आणि ते आजही कायम आहे.

कंपनी बदलल्यावर काय काय बदलते याची मला त्यापूर्वी कल्पना नव्हती. वरवर पाहता सर्व फोन सारखेच. आकड्यांच्या कळा त्याच, दोनच्या कळेवर ए, बी, सी ही अक्षरेही सगळीकडे तीच. परंतु हाताला लागलेल्या सवयी त्या कळांच्या मधल्या जागेत राहतात. जुन्या फोनवर दोन शब्दांमध्ये अंतर सोडावयाचे तर शून्य दाबावे लागे, नव्यावर चांदणी. रोमन लिपीत मराठी निरोप लिहिण्याचा आमचा जो रिवाज होता, त्यात जुना फोन माझे शब्द ओळखत नसे, पण निदान स्वस्थ बसे. नवा फोन आपल्या मताने इंग्रजी शब्द सुचवी आणि बेसावध असले की ते लिहूनही टाकी. नावांचेही तसेच. सिमकार्डावर होती तेवढी नावे नव्या घरी आली. पण सिमवरच्या एका नावाला एकच नंबर जोडता येत असे, म्हणून मी जुन्या यंत्राच्या स्वतःच्या स्मरणात एकेका नावाखाली घर, कचेरी, शेजार असे सगळे नोंदवून ठेवले होते. ते तेथेच राहिले आणि ठोकळ्याबरोबर आईकडे गेले. पुढे कितीतरी दिवस एखादा नंबर हवा असला, की मी कऱ्हाडला फोन करीत असे आणि आई चष्मा लावून तो मला वाचून दाखवी. चार्जरची कथा तर घरोघरी ठाऊक आहे. तेव्हा प्रत्येक कंपनीचे टोक निराळे असे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनना एकाच प्रकारचे टोक सक्तीचे केले. आमच्या टेबलाचा खण त्याच्या कितीतरी आधीच भरून गेला होता.

पण हे सारे किरकोळ. या फोनचे खरे वैशिष्ट्य त्याचे झाकण.

झाकणाची कल्पना काही नवी नव्हे. इटलीतील मार्को झानुसो आणि रिचर्ड सॅपर या दोन रचनाकारांनी 'ग्रिलो' नावाचा मेजावरचा एक फोन केला होता. तो मिटलेला असला की मुठीत मावावा एवढा, आणि उचलला की त्याचे तोंड आपोआप उघडे. १९६७ साली त्याला इटलीतला रचनेचा मोठा सन्मानही मिळाला. खिशातल्या फोनमध्ये ही घडी पूर्णपणे उतरली ती १९९६ साली, मोटोरोला कंपनीच्या स्टारटॅकमध्ये. २००४ साली त्याच कंपनीने सुमारे चौदा मिलिमीटर जाडीचा रेझर काढला आणि मग सडपातळ घडीच्या फोनची जगभर लाटच आली. या घडीमागचे कारण नुसते दिखाऊपणाचे नव्हे. कान आणि तोंड यांच्यातले अंतर ठरलेले आहे. ते कोणत्याही कंपनीला कमी करता येत नाही. फोन लहान हवा आणि कानापासून तोंडापर्यंत पोचायलाही हवा, तर त्याला मध्ये मोडणे हाच उपाय. उघडले की लांबी, मिटले की आटोपशीरपणा.

फोन उघडा आहे की मिटलेला, हे त्याला कसे कळते, याचे मला फार कुतूहल होते. माझ्या शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांनी ते मला समजावून दिले. अशा फोनच्या एका पाळीत एक चिमुकला लोहचुंबक असतो आणि दुसऱ्या पाळीत त्याची चाहूल घेणारा भाग. पाळ्या जवळ आल्या की चाहूल लागते आणि बोलणे तुटते. दूर झाल्या की फोन जागा होतो. दोन पाळ्यांमध्ये निरोपांची ने-आण करावयास बिजागरीतून एक पातळ, चपटी, फितीसारखी तार गेलेली असते. प्रत्येक उघडझापीला ती वाकते. "म्हणजे पुस्तकाच्या शिवणीसारखीच," मी म्हणाले. "हो, आणि पुस्तकासारखेच ते आधी शिवणीतच फाटते," ते म्हणाले.

आता झाकणाने आमच्या घरात काय केले ते सांगते. मोबाइल नवे होते तेव्हा बोलणे फार महाग होते. २००३ सालापर्यंत तर आलेल्या फोनचेही पैसे पडत. २००६ च्या मार्चमध्ये भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांनी देशात कोठेही मिनिटाला एक रुपया अशी योजना आणली, तेव्हा भिलाईहून कऱ्हाडला फोन करणे प्रथमच आमच्या आवाक्यात आले. तरी हिशेब मिनिटाचा असे. एकसष्टाव्या सेकंदाला दुसरा रुपया. त्यामुळे घड्याळाकडे पाहत बोलावयाचे आणि अठ्ठावन्नाव्या सेकंदाला वाक्य अर्धे तोडून कळ दाबावयाची, ही आमची रीत झाली होती. माणसाशी बोलणे असे मध्येच कापणे मला कधीच रुचले नाही, पण हात शिकून गेला होता.

झाकण आले आणि ही रीत आपोआप मोडली. का, ते मला नेमके सांगता येणार नाही. कळ दाबण्यात अंगठ्याचे एक टोक लागते. फोन मिटायला सगळा तळवा लागतो. मिटण्यापूर्वी हात क्षणभर थांबतो. त्या क्षणात "ठेवू?" हा प्रश्न मावतो आणि पलीकडून "ठेव बाई, जप," हे उत्तरही. आम्हा मराठी माणसांचे "ठेवते" हे तसे एकदा म्हणून भागत नाही. पहिले "ठेवते" म्हणजे मुख्य बोलणे झाले. त्यानंतर खरी बातमी आठवते: कोणाचे लग्न ठरले, कोण दवाखान्यात आहे. दुसरे "ठेवते" म्हणजे तीही झाली. तिसऱ्याला मिटावयाचे. यजमान म्हणत, "तुझ्या फोनने बिल दीडपट केले." ते खोटे नव्हते. २००९ साली सेकंदावर पैसे घेण्याची पद्धत आली आणि हा वादही मिटला.

याच झाकणाला दुसरी बाजूही होती. आमची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. घरून बोलताना ती माझाच फोन घेई. रागावली की ती तो असा खाडकन मिटे, की पलीकडच्या मैत्रिणीला तो आवाज ऐकू गेला असेल की नाही कोण जाणे, आम्हाला मात्र शेजारच्या खोलीत दचकायला होई. दार आपटल्यासारखेच ते.

पण मला सर्वांत जास्त सांगावयाचे आहे ते आईविषयी. जुना ठोकळा तिच्याकडे गेला आणि नवा माझ्याकडे आला, तेव्हा आम्हा दोघींमध्ये काही तुटले आहे असे मला वाटलेही नव्हते. मी तिला त्याच दिवाळीत शिकविले होते: हिरवी कळ, लाल कळ, विजेरी कशी लावावी. ठोकळ्याचा प्रत्येक कोपरा तेव्हा माझ्या अंगठ्याला पाठ होता. ती फोनवरून "आता काहीतरी कुलूप दिसतंय" म्हणाली, की मी भिलाईत डोळे मिटून "आधी वरची मोठी कळ, मग चांदणी" असे सांगत असे आणि कऱ्हाडात कुलूप उघडे.

पुढच्या पावसाळ्यात एकदा तिचा फोन लागेना. लागेना म्हणजे वाजे, पण ती उचलीना. सकाळी नाही, दुपारी नाही, रात्री नाही. घरचा तारेचा फोन पावसात बंद पडलेला होता. तो दर वर्षी पडे. दुसऱ्या दिवशीही तेच. भावाला त्या दिवशी पुणे सोडणे शक्य नव्हते. मी निघावयाचे म्हटले तर दुर्गहून गोंदिया आणि तेथून महाराष्ट्र एक्स्प्रेस. दीड दिवसाचा प्रवास. त्या दीड दिवसात काय काय झालेले असेल याची चित्रे मी वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता पाहत होते. शेवटी संध्याकाळी शेजारच्या काकूंच्या मुलाचा नंबर एका नातेवाइकाकडून मिळाला. तो छत्री घेऊन पाहून आला. आई पडवीत गहू निवडीत बसली होती. "या दोघांना माझी आठवण राहिली नाही वाटतं, दोन दिवस फोन नाही," असे तिनेच त्याला ऐकविले.

फोनचा आवाज कसा कोण जाणे, बंद झाला होता. पडद्यावर आलेल्या फोनांची संख्या होती, पण ती तिला वाचता येण्याइतकी मोठी नव्हती. मी त्या मुलाच्या फोनवरून तिला सांगू लागले, "आई, वरची कळ हलकेच दाब..." आणि पुढे काय, ते आठवेना. आठ-नऊ महिने माझा अंगठा दुसऱ्याच वाटेने चालत होता. जुनी वाट गवताखाली गेली होती. माझ्या हातात उघडलेले झाकण, तिच्या हातात ठोकळा. मी म्हणे "डावीकडे", तर तिच्याकडे डावीकडे काही भलतेच. दोघींनी एकाच पुस्तकाच्या निरनिराळ्या आवृत्त्या हाती घेऊन पान क्रमांकावरून ओळ शोधावी, तसा तो प्रकार झाला. अखेर त्या मुलाने दोन कळा दाबल्या आणि घंटा पुन्हा सुरू झाली.

भावाने मात्र तो विषय सोडला नाही. त्याचे म्हणणे अवाजवी नव्हते. "आई, तू आता पुण्याला चल. एकटीने राहण्याचे दिवस नाहीत हे." आईने ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "फोन मुका झाला म्हणून मी घर सोडायचं?" तिचे सकाळी कृष्णामाईच्या देवळात जाणे होते, संध्याकाळी प्रीतिसंगमावरच्या कट्ट्यावर चार मैत्रिणी होत्या, त्यांतली एखादी आली नाही तर बाकीच्या तिच्या घरी चौकशीला जात. हे सारे पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर न्यावयाचे कसे? भाऊ गप्प बसला, पण पटल्यासारखा नव्हे. त्यानंतर दर वेळी तिने फोन उचलायला उशीर केला, की तोच प्रश्न आम्हा तिघांच्या मध्ये येऊन उभा राही. तिचे स्वतःच्या घरात राहणे आता त्या यंत्राच्या वाजण्यावर अवलंबून राहिले होते, आणि ते तिलाही कळत होते. ती फोन हातात घेऊनच देवळात जाऊ लागली.

२०१२ साली मुलीने मला काचेचा फोन घेऊन दिला, तेव्हा हा झाकणाचा फोन मी आईकडे घेऊन गेले. तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. माझी अपेक्षा फार नव्हती. पण तिला तो शिकवायला एक दुपारसुद्धा लागली नाही. "उघडला की बोलायचं, मिटला की झालं. एवढंच ना?" एवढेच. कुलूप नाही, कुठल्या कळेला चुकून बोट लागणे नाही, कारण कळा सगळ्या झाकणाच्या आत. तिने तो पानाच्या डब्यासारखा दोन-चारदा उघडून मिटून पाहिला आणि म्हणाली, "हा आधीच का नाही दिलास?" बाहेरच्या कडेला आवाज कमी-जास्त करण्याच्या दोन कळा होत्या, त्यांची मला धास्ती होती. त्यावर तिने स्वतःच तोड काढली. एका जुन्या खणाच्या तुकड्याची तिने उभी पिशवी शिवली, कडेला आतून कापसाची घडी घातली, आणि ती कमरेला खोचू लागली. सडपातळपणाबद्दल मी वर जे काही बोलले आहे, ते आईच्या कमरेला ती पिशवी पाहिल्यावर थोडे सौम्य करणे भाग आहे. ठोकळा तेथे मावला नसता.

भावाचा प्रश्न मात्र एका दिवसात मावळला नाही. पण आई पहिल्या दोन-तीन घंटांतच फोन उघडू लागली आणि तो विषय काढण्यास त्याला निमित्त उरले नाही. पुढे त्याने कॉलेजात शिकणारी एक मुलगी वरच्या खोलीत भाड्याने ठेवली. आईने भाड्यातले अर्धे पैसे तिच्या खाण्यावर खर्च केले, पण ती हकिगत निराळी.

विज्ञानाच्या शिक्षकांनी सांगितले होते तसेच अखेर झाले. २०१८ साली आतला पडदा काळा पडला. झाकण अमुक एका कोनात धरले की तो उजळे, पुरे उघडले की मालवे. ऐकू येणेही थांबले. कऱ्हाडच्या बाजारपेठेतल्या कारागिराने बिजागरी उघडून दाखविली: ती फितीसारखी तार वाकून वाकून अर्धी चिरली होती. तसा सुटा भाग आता कोठे मिळत नाही, तो म्हणाला. बॅटरी त्यापूर्वी एकदा बदलून झाली होती. भावाने दुसरा फोन आणला. तिसऱ्याच कंपनीचा, मोठ्या कळांचा, साधा, बिनझाकणाचा. चांगला आहे. मोठ्याने वाजतो.

आई आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे आणि कऱ्हाडलाच आहे. खणाची पिशवी तिने उसवून थोडी रुंद केली. रोज रात्री आठ वाजता मी फोन करते. आता मिनिटांचा हिशेब कोणी ठेवीत नाही. महिन्याचे पैसे एकदा भरले की हवे तेवढे बोलावे. पहिले "ठेवते" होते, दुसरे होते, तिसरे होते. तिसऱ्यानंतर ती लाल कळ दाबतेच असे नाही. तिचा हात सहा वर्षे मिटण्याला सरावलेला, आणि या फोनला मिटण्यासारखे काही नाही. म्हणून ती तो नुसता टेबलावर ठेवते आणि तिच्या दृष्टीने बोलणे संपते. मला मग कऱ्हाडचे घर ऐकू येते. खुर्ची सरकते. ओट्यावर भांडे वाजते. वरच्या मुलीला ती विचारते, "दूध तापवलंस का गं?" उत्तर ऐकू येत नाही. मग मांजराला काहीतरी रागावणे, पडवीच्या दाराची कडी, आणि सपातांचा आवाज आतल्या खोलीकडे जात जात बारीक होतो. तेवढे ऐकून झाले की इकडून मीच तो फोन ठेवते.